लाभार्थीशी नाते

संपादकांचं पत्र आलंय पुण्याहून:
कथा चांगल्या, पण हिशेब फार.
नवरा-बायकोच्या गोष्टीत
इतके आकडे कशाला, मैमुनाबाई?
थोडं प्रेम येऊ द्या.

आता यांना काय सांगू.
रुवीच्या या एक्स्चेंजमध्ये बसते मी
सकाळी साडेआठ ते एक, मग चार ते आठ.
काचेला खाली अर्ध्या चंद्रासारखी खाच,
तिच्यातून फक्त हात आत येतात.
ब्लीचनं सोललेले, मेंदी उतरत आलेले,
एखाद्या बोटावर अंगठीच्या जागी
नुसताच पांढरा वळ.

इथला पैसा दशांशानंतर तीन घरं चालतो,
हजार बैसांचा एक रियाल.
आपल्याकडं दोन घरांत भागतं,
इथं तिसऱ्या घरातही
कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं असतं.

कुसुमा, कँडीची.
अकरा वर्षं, दर महिन्याला साठ रियाल
नवऱ्याच्या नावे.
पहिल्यांदा त्याचं नाव सांगताना लाजली होती,
पुढं नुसता खातेक्रमांक सांगायला लागली, तोंडपाठ.
गेल्या गुरुवारी म्हणाली, मुलीच्या नावे कर.
मी काही विचारलं नाही. फॉर्म विचारतो:
लाभार्थीशी नाते.
जुन्या पावतीवर 'पती' होतं
तिथं तिनं अंगठा ठेवला
आणि ढेकूण चिरडावा तसा दाबला.

संपादकसाहेब, प्रेमाच्या पावत्या
मीच फाडून देते हो, दिवसाला दीडशे,
वर कमिशन घेऊन.

माझा निकाह हर्णैचा.
मेहर पंधरा हजार एक, उधार.
काझींनी 'उधार' इतक्या भरभर वाचलं
की अम्मा त्यालाही आमीन म्हणाली.
मुनव्वर चांगला माणूस आहे. हात उगारत नाही.
माझं बँकेचं कार्ड त्याच्या पाकिटात असतं
कारण माझ्या पर्सची चेन बिघडली होती,
नऊ वर्षांपूर्वी.

कथा मी चुकलेल्या पावत्यांच्या पाठीवर लिहिते.
मशीनचा गुळगुळीत कागद, त्याचा एक गुण आहे:
समोरचे आकडे सहा महिन्यांत उडून जातात,
मागं पेनानं लिहिलेली बाई तशीच राहते.
तेव्हा आकडे फार झाले म्हणता,
तर थोडं थांबा.

पहिल्या कथेचं मानधन पाचशे रुपये,
'सौ.' लावून आलेला चेक,
आमच्या जोडखात्यात जमा.
मुनव्वरनं तोंडीच हिशेब केला:
सव्वादोन रियाल. दोन शवर्मे येतील, वर लबन.
आणले. खाल्ले.
चांगले होते, खोटं कशाला बोलू.

मात्र जानेवारीच्या रजेत
धाकट्या बहिणीला घेऊन दापोलीला गेले,
बँकेत फोटो चिकटवला, तीन ठिकाणी सही केली.
मॅनेजर म्हणाला, वारस म्हणून मिस्टरांचं नाव?
म्हटलं, ती जागा सध्या मोकळी ठेवा.

काल एक वाजून गेला होता, शटर अर्धं खाली.
ओव्हरटाइमचे दहा रियाल रोख हातात.
पाठवणार: मैमुना सरगुरोह.
घेणार: मैमुना सरगुरोह.
नाते?
पडद्यावर यादी उघडली:
पती, पिता, भाऊ, मुलगा, दीर,
मग आई, मग मुलगी, मग कर्मचारी, मग इतर,
आणि इतरच्याही खाली
'स्वतः'.
इतकी वर्षं या यादीत
मी एवढ्या खाली कधी उतरलेच नव्हते.

पाठवण्याचे कारण: कुटुंबनिर्वाह.
दुसरं काही सुचलं नाही.
कमिशन पूर्ण कापलं, स्वतःलाही सूट नाही.

पावती पर्समध्ये ठेवली. चेन लागली.
तशी ती केव्हाचीच लागते.

तर साहेब, त्याच पावतीच्या पाठीवर
नवी कथा सुरू केलीय. प्रेमाची.
पहिल्याच ओळीत एक आकडा आलाय,
तेवढा काढू नका.